मनात होतं तेवढंच

"आजोबा, आता महिना कुठला चालू आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

शेजारी बसलेला मुलगा, हरेश, खुर्चीत पुढे सरकला.

"चैत सरला. वैशाख लागला," वामन तांडेल म्हणाले. "इंग्रजी पायजे तर मे लिवा."

बरोबर होतं. हरेश खुर्चीत चुळबुळला. डॉक्टरांनी मघाशी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. ते आता परत विचारले. बाबांना नारळ आठवला, खुर्ची आठवली. तिसऱ्या शब्दापाशी ते थांबले. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग त्यांनी मान वळवून लेकाकडे पाहिलं. गर्दीत हात सुटलेलं पोर बघतं, तसं. तो शब्द आपणच सांगून टाकावा, असं हरेशला वाटलं. आणि त्याच क्षणी, चला, एक तरी चुकला, असंही वाटून गेलं. या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी कशा वाटू शकतात, हे त्याचं त्यालाच उमगेना.

मग घड्याळ काढायला दिलं. बाबांनी गोल झकास काढला, पण सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले.

"सुरुवात आहे," डॉक्टर हरेशला बाजूला घेऊन म्हणाले. "वाढत जाणार. गोळ्या देतो."

"डॉक्टर, लिहून मिळेल ना तसं? म्हणजे त्यांना समजत नाही असं?"

"समजत नाही असं कसं लिहू? विसरतात, असं लिहीन."

बाहेर आल्यावर बाबांनी बाकावर बसून चपला घातल्या आणि विचारलं, "पास जालो का नापास?"

हरेशचा फोन वाजत होता. सीवूड्सच्या एका सोसायटीत लिफ्ट मधेच अडकली होती आणि आत एक बाई होती. हरेश लिफ्टचा मेकॅनिक. निम्मं नेरूळ त्याच्या भरवशावर वरखाली करायचं. "दहा मिनटात पोचतो, मॅडमला बोला टेन्शन घेऊ नका," असं सांगून त्याने बाबांना रिक्षात बसवलं. बाप नापास व्हावा म्हणून आपण गणपतीला नारळ बोललो आहोत, ही गोष्ट त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

झालं होतं ते असं.

सारसोळ्याच्या धक्क्याला बाबांची एक लाकडी होडी असे. हरेशची आई गेली त्या वर्षी बाबांनी तिच्यावर पांढऱ्या रंगात 'सखू' असं नाव घातलं. पुढे बाबांचे हात थरथरायला लागले, खाडीत वाट चुकायला लागली, तेव्हा हरेशने ती होडी चुलतभाऊ विपुलला देऊन टाकली. बाबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणूनच विचारलं नाही. विपुलने होडीला नवा रंग दिला, इंजिन बदललं, आणि नावही बदलून आपल्या मुलीचं घातलं. त्याचं तरी काय चुकलं? होडी त्याची होती.

बाबा ते नवं नाव बघून आले. जेवले, पान खाल्लं. मग एका दुपारी ओहोटीला होडी चिखलावर कलंडलेली असताना ते पटाशी घेऊन खाली उतरले आणि तळाच्या फळ्यांमधला डांबर लावलेला कापूस त्यांनी खरवडून काढला. भरती आली की होडी जागच्या जागी बुडेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. पण म्हाताऱ्या हातांत जोर कमी पडला. भरती आली, आणि होडी बुडाली नाही. नुसती पाझरत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विपुलच्या सांगण्यावरून हौसेराव ती होडी पलीकडच्या धक्क्याला न्यायला निघाला. हौसेराव साताऱ्याकडचा. उभी हयात एपीएमसीच्या कांदा मार्केटात गोणी उचलण्यात गेली. पाठीचा मणका सरकल्यावर विपुलने त्याला हाताखाली घेतलं होतं. वर्षभरात तो इंजिन चालवायला शिकला. पोहायला मात्र शिकला नाही. खाडीच्या मध्यावर फळी सुटली.

पोलिसांनी विचारायच्या आधीच बाबांनी सांगितलं, "पटाशी माझी हाय."

वय बघून जामीन मिळाला. पण गुन्हा लागला तो सदोष मनुष्यवधाचा.

वकील होत्या मैत्री सावे. बेलापूरला कोर्टासमोर त्यांचं छोटं ऑफिस होतं. वयाने हरेशपेक्षा लहान, बोलायला सरळ. पहिल्याच भेटीत त्यांनी बाबांना समजेल असं सांगायचा प्रयत्न केला होता.

"काका, कायदा नुसतं हातांनी काय केलं ते बघत नाही. मनात काय होतं, तेही बघतो. हात आणि मन दोन्ही गुन्ह्यात असावे लागतात. म्हणून सरकारी वकील सिद्ध करायला बघतील की तुम्हाला माहीत होतं."

"काय म्हायती व्हता?"

"की यात माणूस मरू शकतो."

बाबांनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तवा मानूस माझ्या मनान आयलाच नाय. होडीच व्हती मनान."

मैत्री मॅडमनी पेन खाली ठेवलं. बाबांना बाहेर बसवून त्या हरेशला म्हणाल्या, "हे कोर्टाला पटेल की नाही, सांगता येत नाही. सरकारी वकील म्हणतील, जन्मभर होडी चालवलेला माणूस, फळी उसकटली तर काय होतं हे त्याला कळत नाही? त्यापेक्षा दुसरा रस्ता आहे. त्यांना विसरायला होतं म्हणालात ना तुम्ही? डोकंच ठिकाणावर नव्हतं, आपण काय करतोय ते कळतच नव्हतं, असं दाखवता आलं, तर गुन्हाच उरत नाही."

त्या दिवसापासून हरेशला चैन पडेना. कुठल्याही सोसायटीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरला, तरी डोक्यात बाबाच. घरी आला की चपला काढायच्या आधी विचारायचा, "बाबा, सकाळी काय जेवलात?" बाबांनी बोंबील म्हटलं आणि बोंबीलच असले, की याचा चेहरा पडायचा. एकदा बाबांनी नातवाला हरेश म्हणून हाक मारली. हरेशने तेवढ्यात मोबाइल काढून रेकॉर्डिंग चालू केलं.

उन्नतीने, त्याच्या बायकोने, फोन हातातून काढून घेतला. "काय चाललंय तुमचं? बाप आहे तो."

"बाप आहे म्हणूनच ना. जेलात मरू दे का त्याला?"

"ते नाही म्हणत मी. पण त्यांना कळतंय तुम्ही काय शोधताय ते. काल मला म्हणाले, पोरी, हऱ्या माझी चूक धुंडीतं दिवसभर. एखादी सापडवून देऊ का त्याला?"

हरेश खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तिथेही त्याला उभं राहवेना.

जूनच्या सुरुवातीला, एका मंगळवारी, उन्नतीचा फोन आला. बाबा घरात नाहीत. धक्क्यावर नाहीत, देवळात नाहीत, कुणीच पाहिलं नाही. हरेश तेव्हा एका लिफ्टच्या टपावर उभा होता. तो खाली उतरला आणि बाईक काढली. नेरूळ स्टेशन, तिथून वंडर्स पार्क, तिथून पुन्हा खाडीकडे. चिखलात पाय घसरला असेल तर? महामार्गावर गेले असतील तर? आणि या सगळ्या भीतीच्या तळाशी एक हलकट विचार सारखा डोकं वर काढत होता. बाबा हरवले, घराचा पत्ताच सांगता आला नाही, पोलिसांनी आणून सोडलं, तर त्याची नोंद होईल. कोर्टात चालेल. हरेशने स्वतःलाच एक शिवी हासडली आणि बाईक पुन्हा वळवली.

दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. बाईचा आवाज होता. "हरेश तांडेल का? तुमचं वडील आमच्याकडं आल्यात. तुर्भ्याला. मी शालन. हौसेरावाची बायको."

बोळाच्या टोकाला खोली होती. दारात पत्र्याचा ड्रम, दोरीवर शाळेचा युनिफॉर्म. बाबा उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवर बसले होते. आत या म्हटलं तरी ते आत गेले नव्हते. शालन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चाळिशीची बाई, कपाळ मोकळं. तिची मुलगी ज्ञानेश्वरी आत भिंतीकडे तोंड करून अभ्यासाला बसली होती, पण पान उलटत नव्हती.

"बाबा, हितं कसे आलात?" हरेशने विचारलं.

"बसनी. दोन बसा बदलल्या. इचारत इचारत आयलो."

म्हणजे हरवले नव्हते. हरेशने कपाळावरचा घाम पुसला आणि शालनकडे वळून घाईघाईने म्हणाला, "ताई, माफ करा. त्यांच्या बोलण्याचं काय मनावर घेऊ नका. त्यांचं डोकं जरा... डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू आहे. काय करतात ते त्यांना कळत नाही."

शालन चौकटीपासून सरळ झाली. "त्यांस्नी कळत न्हाई?"

"नाही ना."

"मंग माझं मालक कसं गेलं?" ती आवाज न चढवता म्हणाली. "विपुलशेट म्हणतोय, मला काय म्हाईत, होडी फोडलेली. तुमी म्हणताय, फोडणाऱ्याला कळत न्हवतं. म्हंजी कुनीच काय केलं न्हाई. मानूस आपला असाच गेला, वारं येऊन पान गळावं तसा. आसंच सांगू व्हय मी पोरीला?"

पायरीवरून बाबांचा आवाज आला.

"मना कलत व्हता, बाय. मी सांगलाय ना तुला. होडी मी फोडली, समजून. ती दुसऱ्याच्या नावानं फिरतं त्या मना बघवत नव्हता. बुडवायची व्हती तिला. तुझा नवरा तिच्यान बसंल, हा इचार मी केला नाय. केला असता तर हात थांबला असता. पन नाय केला."

"व्हय," शालन म्हणाली. "आईकलं मी."

तिने आतून तांब्याभर पाणी आणून पायरीवर ठेवलं. हातात दिलं नाही. बाबांनी ते उचलून प्यायलं, तांब्या होता तिथेच ठेवला आणि हात जोडून उठले. तिने हात जोडले नाहीत. पण ते बोळाच्या वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी होती.

मैत्री मॅडम फोनवर भडकल्या. जामिनावरचा आरोपी मयताच्या घरी जातो, साक्षीदाराशी बोलतो, हे बाहेर कळलं तर जामीन रद्द होईल. "आणि वर तो समजून केलं म्हणून सांगून आलाय. मी काय मांडायचं आता कोर्टात?"

"त्यांना विसरायला होतं, हे तर खरं आहे ना, मॅडम?"

"ते खरं आहे. पण मी त्यातून जे खोटं काढायला निघाले होते, ते आता अवघड आहे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "अर्ज तयार आहे. मी देणार आहे. तुमचे वडील फक्त गप्प बसले पाहिजेत."

अर्जाच्या तारखेला सकाळी हरेशने बाबांना पांढरा सदरा घातला. कोर्टात पोचेपर्यंत त्याने रस्ताभर एकच गोष्ट घोकून घेतली. काही बोलायचं नाही. मॅडम बोलतील. बाबा दर वेळी मान हलवत होते.

मैत्री मॅडमनी अर्ज दिला. आरोपीची मानसिक स्थिती, डॉक्टरांचा दाखला, घड्याळाचं ते चित्र. न्यायाधीशांनी चित्र बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मी त्यांच्याशी दोन शब्द बोलतो." आणि पिंजऱ्याकडे बघून विचारलं, "आजोबा, तुम्हाला इथे कशासाठी आणलंय, ठाऊक आहे का?"

हरेशच्या मांडीवरचा फोन थरथरला. कुठेतरी कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलं होतं. त्याने तो मुठीत दाबून धरला.

"हाय ठावं," बाबा म्हणाले.

"काका," मैत्री मॅडम हळूच म्हणाल्या.

"बोलू द्या त्यांना," न्यायाधीश म्हणाले.

बाबांनी लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरला. "साहेब, मी इसरतंय. लई इसरतंय. नातवाचा नाव इसरतंय. पुढं सगलाच इसरन. पन ती दुपार अजून हाय माझ्याकडं. पटाशी कनच्या हातान व्हती, ती पन याद हाय. माझा पोरगा मना येडा ठरवतंय. तो चांगल्यासाठी करतंय, त्याला बोलू नका. पन मी येडा नव्हतो. होडी फोडली ती समजून फोडली. मानूस मारायचा मनान नव्हता. माझ्या मनान जेवढा व्हता तेवढा माझ्यावर घाला. जास्ती नको. कमी पन नको."

टंकलेखकाने हे लिहायचं की नाही म्हणून न्यायाधीशांकडे पाहिलं. न्यायाधीशांनी मान हलवली.

हरेश मान खाली घालून बसला होता. त्याला राग यायला हवा होता. महिनाभर केलेली सगळी धडपड बाबांनी एका मिनिटात पाण्यात घातली होती. पण त्याला वेगळंच काहीतरी वाटत होतं. गेले कित्येक दिवस जो बाप त्याने दर संध्याकाळी थोडा थोडा खोडत आणला होता, तो समोर अख्खा उभा होता.

पुढच्या तारखेला मैत्री मॅडमनी अर्ज मागे घेतला. खटला वर्षभर चालला. शालनची साक्ष झाली. सरकारी वकिलांनी तिला विचारलं, आरोपी तुमच्या घरी आला तेव्हा काय म्हणाला? ती म्हणाली, होडी समजून फोडली म्हणाले. आणखी काय? "माझं मालक मनात न्हवतं म्हणाले." तुम्हाला ते खरं वाटलं? वकील हा प्रश्न विचारून बसले, आणि बहुतेक त्यांना पुढे पस्तावा झाला. शालनने पिंजऱ्याकडे पाहिलं. "खोटं बोलायचं असतं तर घरात बसलं असतं की. दोन बसा बदलून कशापायी आलं असतं?"

सदोष मनुष्यवध सुटला. हयगयीने मृत्यूला कारण झाल्याबद्दल आणि होडीच्या नुकसानीबद्दल, म्हणजे कायद्याच्या भाषेत आगळिकीबद्दल, शिक्षा झाली. वय बघून कमी दिली, पण दिली. अपील करू, असं मैत्री मॅडम म्हणाल्या. बाबांनी नको म्हटलं. बाबांना तळोजाच्या जेलमध्ये नेताना हरेश गाडीमागे बाईक घेऊन गेला आणि फाटकाबाहेर विनाकारण बराच वेळ थांबला.

दर पंधरवड्याला तो भेटायला जायचा. सुरुवातीला बाबा खाडीच्या भरतीओहोटीचं विचारायचे, नातवाच्या शाळेचं विचारायचे. कधी त्याच्या आईचं विचारायचे आणि मग स्वतःच, ती गेली नाय का, म्हणायचे. पावसाळा सरता सरता बोलणं कमी झालं. दिवाळीनंतर हरेश गेला, तेव्हा जाळीपलीकडे येऊन बसलेल्या माणसाचे केस कुणीतरी नीट विंचरून दिले होते. डोळे मात्र हरेशच्या तोंडावरून नुसतेच फिरत होते. मग ओळख पटली.

"हरेश."

"हां, बाबा."

"मना हितं कनाला ठेवलाय रे?"

हरेशला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय?"

"ही जागा कनची? माझा काय काम हितं? घरा चल ना मना घेऊन."

बाजूला उभ्या असलेल्या हवालदाराने खाली वाकून हळू आवाजात म्हटलं, "रोज विचारतात. आम्ही दवाखाना आहे म्हणून सांगतो. तुम्ही पण तेच सांगा. शांत राहतात मग."

सोपं होतं. एक शब्द पुरे होता. बाबांनी मान हलवली असती, गोळ्यांचं विचारलं असतं, आणि भेट संपली असती. ज्या न कळण्यासाठी हरेशने देव पाण्यात ठेवले होते, ते आता आलं होतं. अगदी पुरेपूर आलं होतं, आणि कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. हरेशने खुर्ची जाळीजवळ ओढली.

"बाबा, हा दवाखाना नाही. जेल आहे."

"जेल?"

"तुमी होडी फोडली व्हती. आपली सखू. विपुलने नाव बदलला म्हनून. भरतीला बुडल असं तुमाला वाटलं. पन ती बुडली नाय, आणि दुसऱ्या दिवशी एक मानूस तिच्यातून गेला. तो मेला."

बाबा ऐकत होते. गावात कुणाच्या घरी काय घडलं ते ऐकावं, तसं. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"कोन व्हता तो?"

"हौसेराव नाव त्याचं. साताऱ्याकडचा."

"मी मारला त्याला?"

"नाय. मारायचा तुमच्या मनात नव्हता. तुमी जजला सांगितलं तसं. होडी समजून फोडली, मानूस मनात नव्हता. तुमी सोता सांगितलं."

"मी सांगला?"

"हां."

"बायको हाय त्याला?"

"हाय. मुलगी पन हाय एक. शाळेत जाते."

बाबांनी मान खाली घातली. ओठ हलत राहिले, जणू ऐकलेलं एकेक करून आत ठेवत होते. पलीकडच्या खिडकीशी एक बाई कुणाशी तरी भांडत होती. हवालदाराने घड्याळ पाहिलं, पण वेळ झाली असं म्हटलं नाही.

"मंग बरोबर हाय," बाबा म्हणाले.

त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण चाचपून लावलं. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा लागलं. मग कुणी सांगायच्या आधीच ते उठले. आत जायचं दार कुठलं ते त्यांना आठवेना, म्हणून ते मधेच उभे राहिले. हवालदाराने दंडाला धरायला हात पुढे केला, तर त्यांनी तो हलकेच बाजूला सारला, "नुसता दाखव" म्हणाले, आणि त्याने दाखवलेल्या दाराकडे आपल्या पायांनी चालत गेले.